ऑन्टारियो: घरासोबत आलेल्या भाड्याच्या वॉटर हीटरची जुनी थकबाकी कोणी भरायची?

मिसिसॉगाकर

नमस्कार. आम्ही या उन्हाळ्यात कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतात मिसिसॉगामध्ये एक जुने घर विकत घेतले. ३० जूनला क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा व्यवहार पूर्ण, होऊन किल्ल्या हाती आल्या. तळघरात पाणी तापवण्याची ५० गॅलनची गॅसवरची टाकी आहे आणि ती भाड्याची आहे, हे आम्हाला आधीपासून ठाऊक होते. खरेदीच्या करारात भाड्याच्या वस्तूंच्या कलमात तिची नोंद आहे. भाडे महिना ३६ डॉलर अधिक एचएसटी (विक्रीकर), असे रियल्टरने (घराच्या व्यवहारातील एजंटने) तोंडी सांगितले होते. तेवढे भाडे भरायला आमची कधीच हरकत नव्हती.

सप्टेंबरमध्ये भाड्याच्या कंपनीचे पहिले बिल आले. त्यात मार्च ते जून या चार महिन्यांची थकबाकी आणि तिच्यावरचा उशिराचा आकार आहे, जुलै आणि ऑगस्टचे भाडे ४४ डॉलर दराने लावले आहे आणि शिवाय खाते नावावर करण्याचे वेगळे शुल्क आहे. फोन केला तेव्हा उत्तर मिळाले की टाकी ज्या घरात आहे त्या घराच्या मालकाकडूनच थकबाकी वसूल केली जाते. आम्ही कोणत्याही कागदावर सही केलेली नाही, असे सांगितल्यावर, गरम पाणी वापरले म्हणजे अटी मान्य केल्या, असे सांगण्यात आले. आता रक्कम कलेक्शन एजन्सीकडे, म्हणजे थकबाकी वसूल करणाऱ्या संस्थेकडे, सोपवण्याची सूचना आली आहे.

विक्रेत्याला रियल्टरमार्फत विचारले. त्यांचे म्हणणे असे की त्यांनी घर विकल्याचे जूनमध्येच फोनवरून कळवले होते, आणि तरीही जुलैचे भाडे त्यांच्या बँक खात्यातून कापले गेले. म्हणजे एकाच महिन्याचे भाडे दोघांकडून मागितले जात आहे. जुनी थकबाकी कायद्याने आमच्यावर येते का, सही नसताना आम्ही या कराराला बांधील आहोत का, आणि पैसे अडवून धरले तर गॅस तोडला जाईल का, हे समजून घ्यायचे आहे. घरात लहान मूल आहे, त्यामुळे शेवटच्या प्रश्नाची काळजी सर्वांत जास्त वाटते.

खरेदीखत

काळजीच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. गॅस पुरवणारी कंपनी आणि टाकी भाड्याने देणारी कंपनी या दोन वेगळ्या संस्था आहेत. पूर्वी टाकीचे भाडे अनेक वर्षे गॅसच्या बिलातच छापून येत असे, त्यामुळे एक थकले की दुसरे बंद होते असा समज घरोघरी पक्का बसला आहे. तुमचा गॅसपुरवठा तुमच्या नावावरच्या वेगळ्या खात्यावर आहे आणि तो भाड्याच्या कंपनीच्या हातात नाही. तिच्या हातात असलेली गोष्ट म्हणजे तिची स्वतःची टाकी. वाद विकोपाला गेलाच तर ती टाकी परत मागू शकते.

आता मुख्य विषय. घरखरेदीच्या वकिलांच्या कार्यालयात काम करताना ही तक्रार माझ्यासमोर वारंवार येते आणि जवळपास दर वेळी तीन वेगळी नाती एकात मिसळलेली असतात. विक्रेता आणि कंपनी यांच्यात भाडेकरार आहे. तुम्ही आणि विक्रेता यांच्यात खरेदीचा करार आहे. तुम्ही आणि कंपनी यांच्यात अजून कोणताही लेखी करार नाही. मार्च ते जूनची थकबाकी पहिल्या नात्यातली आहे. ती विक्रेत्याची वैयक्तिक देणी आहेत आणि घराची मालकी बदलली म्हणून ती तुमच्या अंगावर येत नाहीत. घराला चिकटून राहणारी काही देणी असतात, हे खरे आहे. मालमत्ता कर हे त्याचे ठळक उदाहरण, आणि नगरपालिकेच्या पाण्याची थकबाकी कराच्या खात्यात चढवता येते, म्हणून तीही नव्या मालकाच्या वाट्याला येऊ शकते. वकील क्लोजिंगपूर्वी या दोन्हींची चौकशी करतात ती त्याचसाठी. खासगी कंपनीचे टाकीचे भाडे मात्र त्या जातीचे देणे नाही, आणि ‘मालकच भरतो’ हे फोनवरचे वाक्य कायद्यातून आलेले नसून वसुलीच्या सोयीतून आलेले आहे.

सहीच्या मुद्द्यावर मात्र मी तुम्हाला सावध करीन. तुमचा करार बहुधा ऑन्टारियो रिअल इस्टेट असोसिएशनच्या फॉर्म १०० वर झाला असेल. त्यातील भाड्याच्या वस्तूंच्या कलमाचा आशय असा आहे की या वस्तू खरेदीच्या किमतीत धरलेल्या नाहीत आणि भाडेकरार हस्तांतरणीय असेल तर खरेदीदार तो स्वीकारील. हे वचन तुम्ही विक्रेत्याला दिलेले आहे. त्यामुळे ‘माझा काहीच संबंध नाही’ ही भूमिका टिकणार नाही. कंपनीने उद्या विक्रेत्याकडून जुलैनंतरचे भाडे वसूल केले तर तो तुमच्याकडे बोट दाखवू शकेल. पण हे स्वीकारणे क्लोजिंगच्या दिवसापासून पुढचे आहे. मागच्या महिन्यांचे देणे त्यात येत नाही.

भाडे ३६ की ४४, याचे उत्तर रियल्टरच्या तोंडी माहितीत मिळणार नाही. बहुतेक भाडेकरारांत दरवर्षी दर वाढवण्याची मुभा कंपनीने स्वतःकडे ठेवलेली असते. म्हणून मूळ कराराची प्रत आणि दर कधी कसा वाढला याचा तपशील लेखी मागा. नाव बदलण्याचे शुल्क कोणत्या कलमाखाली लावले, हेही त्याच पत्रात विचारा. कलम दाखवता आले नाही तर ते शुल्क भरण्याचे कारण नाही.

माझा सल्ला असा आहे की कंपनीला ईमेल आणि रजिस्टर्ड पत्र दोन्ही पाठवा, सोबत नोंदवलेल्या खरेदीखताची प्रत जोडा आणि ३० जूनपूर्वीचे सर्व देणे तुम्ही नाकारत असल्याचे एका वाक्यात स्पष्ट लिहा. १ जुलैपासूनचे निर्विवाद भाडे, म्हणजे निदान ३६ डॉलर आणि त्यावरचा १३ टक्के एचएसटी, हक्क राखून भरून टाका. त्यामुळे वाद फक्त वादग्रस्त रकमेपुरता उरतो.

उत्तरायण

मी दोन वर्षांपूर्वी किचनर शहरातले घर विकले आणि याच वादाची दुसरी बाजू अनुभवली, म्हणून विक्रेत्याच्या वतीने दोन शब्द लिहिते. घर विकल्यावरही माझ्या खात्यातून भाडे कापले जात राहिले. कंपनीचे म्हणणे असे होते की नवा मालक स्वतः खाते उघडत नाही तोपर्यंत करार माझ्याच नावावर चालू राहतो. नवा मालक म्हणत होता की त्याला बिल आलेलेच नाही, मग तो कशासाठी खाते उघडील? या दोन वाक्यांच्या मध्ये विक्रेता महिनोन्महिने अडकून राहतो आणि ज्या घरात तो राहत नाही तिथल्या गरम पाण्याचे भाडे भरतो. तुमच्या विक्रेत्याने खोटे सांगितले असेल असे मानू नका. फोनवर कळवल्याची नोंद राहतेच असे नाही.

बँकेला सांगून कपात बंद करणे एवढेच केले तर करार संपत नाही. फक्त थकबाकी वाढू लागते आणि ती विक्रेत्याच्या नावावर वाढते. तुमच्या प्रकरणातील मार्च ते जूनची थकबाकी अशीच निर्माण झाली असण्याची शक्यता मला वाटते. माझ्या बाबतीत प्रश्न सुटला तो दोन्ही वकिलांनी मिळून एक पत्र पाठवल्यावर. त्यात क्लोजिंगची तारीख, घराचा पत्ता, टाकीचा अनुक्रमांक आणि नव्या मालकाचा टपालाचा पत्ता होता, आणि त्या तारखेनंतर कापलेली रक्कम परत करण्याची मागणी होती. एकाच कागदावर दोन्ही पक्ष एकच तारीख सांगत आहेत म्हटल्यावर कंपनीला दोघांकडून मागणी करण्याला आधार उरला नाही.

खरेदीखत यांच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. कराराची प्रत येण्याआधी काहीही भरू नये, असे माझे मत आहे. एकदा पैसे भरले की ‘तुम्ही भरलेत म्हणजे मान्य केलेत’ हे पुढचे उत्तर तयार असते.

खरेदीखत

उत्तरायण यांची शंका रास्त आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. ऑन्टारियोच्या २००२ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात न मागितलेल्या वस्तू व सेवांबद्दल तरतूद आहे. केवळ पैसे भरले, केवळ गप्प बसले किंवा केवळ काळ गेला एवढ्यावरून ग्राहकाने मागणी केली असा अर्थ काढता येत नाही, असे तीत म्हटले आहे. भरणा करतानाच ‘हक्क राखून, वादग्रस्त रक्कम वगळून’ असे लेखी कळवलेले असेल तर तुमची बाजू आणखी भक्कम होते. मात्र न मागितलेली वस्तू म्हणून टाकीचे भाडे पूर्णच नाकारावे, इतका ताण मी त्या तरतुदीवर देणार नाही, कारण तुमच्याच खरेदी करारात टाकीचा उल्लेख आहे. लहान मूल असलेल्या घराने वाद लहान ठेवावा, हा माझ्या सल्ल्यामागचा विचार आहे. प्रत येईपर्यंत एखादा महिना थांबलात तरी आभाळ कोसळणार नाही. पत्र मात्र आजच जाऊ द्या.

निळी_ज्योत

मी परवानाधारक गॅस टेक्निशियन आहे आणि या प्रांतातील तळघरे बरीच वर्षे पाहत आलो आहे. कागदाबद्दल वर चांगले लिहिले गेले आहे, मी टाकीबद्दल लिहितो.

आधी खाली जा आणि टाकीवरची धातूची किंवा कागदाची पट्टी वाचा. तिच्यावर उत्पादकाचे नाव, मॉडेल आणि अनुक्रमांक असतो, आणि बहुतेक उत्पादकांच्या अनुक्रमांकातच निर्मितीचे वर्ष दडलेले असते. भाड्याच्या कंपनीचे स्टिकर बहुधा वेगळे असते. बिलावरचा अनुक्रमांक आणि टाकीवरचा अनुक्रमांक जुळतो का ते पाहा. घराची मालकी दोन-तीनदा बदललेली असते, मधल्या मालकाने जुनी टाकी काढून स्वतःची विकत घेतलेली असते आणि भाडे मात्र जुन्या टाकीच्या नावाने चालू असते, असे प्रकार मी पाहिले आहेत. असे निघाले तर वादाचे स्वरूपच बदलते.

वय कळणे आणखी एका कारणासाठी महत्त्वाचे आहे. अशी टाकी साधारण १० ते १५ वर्षे टिकते. महिना ३६ डॉलर दर स्थिर धरला तरी १५ वर्षांत ६,४८० डॉलर होतात आणि एचएसटी धरून सात हजारांच्या वर जातात. टाकी आयुष्याच्या शेवटाला आलेली असेल तर ती कंपनीकडून विकत घेण्याची मोठी रक्कम, म्हणजे बायआउट, भरण्यात मला अर्थ दिसत नाही. थकबाकीचा वाद मिटवून टाकी परत करणे आणि स्वतःची बसवणे हा मार्ग तपासावा. करारात परत करण्याचे किंवा मुदतीपूर्वी सोडण्याचे शुल्क आहे का, हे आधी वाचावे. नव्या वसाहतींत बिल्डरने बसवलेल्या टँकलेस (टाकी नसलेल्या) हीटरचे करार लांब मुदतीचे असतात, त्यांचे गणित वेगळे.

परत करणे हा विषय इथे इतका चिघळला होता की बाजारातील स्पर्धेवर लक्ष ठेवणाऱ्या कॅनडाच्या कॉम्पिटिशन ब्युरोने डिसेंबर २०१२ मध्ये रिलायन्स आणि डायरेक्ट एनर्जी या टाकी भाड्याने देणाऱ्या दोन मोठ्या कंपन्यांविरुद्ध कॉम्पिटिशन ट्रायब्युनल या न्यायाधिकरणाकडे अर्ज केले होते. ग्राहकाला टाकी परत करून दुसऱ्या पुरवठादाराकडे जाणे कठीण आणि खर्चिक होईल अशा पद्धती त्या वापरतात, हा आरोप होता. रिलायन्सने २०१४ मध्ये तडजोड करून ५० लाख डॉलरचा दंड मान्य केला आणि डायरेक्ट एनर्जीने २०१५ मध्ये १० लाख डॉलरचा. हे मी कोणावर राग म्हणून लिहीत नाही. परत करण्याचा अर्ज मिळत नाही किंवा फोन एका विभागातून दुसऱ्या विभागात फिरवला जातो, तेव्हा तुम्ही एकटे नाही आणि ही तक्रार याआधी गांभीर्याने घेतली गेली आहे, एवढे लक्षात असावे म्हणून लिहिले.

रागाच्या भरात टाकी स्वतः काढू नका. गॅसची जोडणी तोडून नळीचे तोंड बंद करण्याचे काम परवानाधारक माणसाचेच आहे. शिवाय ती टाकी तुमची नाही. तिचे नुकसान झाले तर आज नसलेले देणे तुमच्यावर येईल.

कागदपत्र

कलेक्शन एजन्सीच्या धमकीबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून ते लिहितो. ऑन्टारियोत एजन्सीने आधी लेखी सूचना पाठवावी लागते आणि ती पाठवल्यावर काही दिवस थांबूनच संपर्क साधता येतो. तुम्हाला देणे मान्य नसेल तर ‘हे देणे मला मान्य नाही, तुम्ही न्यायालयात जावे’ असे रजिस्टर्ड पत्राने कळवा. त्यानंतर एजन्सीने तुमच्याशी संपर्क थांबवायचा असतो, तुम्ही स्वतः परवानगी दिलीत तर गोष्ट वेगळी. बहुतेक माणसे फोनवर तासन् तास समजावत बसतात आणि हे एक पत्र पाठवत नाहीत. रक्कम क्रेडिट रिपोर्टवर (तुमच्या कर्जफेडीच्या नोंदींवर) चढली तर इक्विफॅक्स आणि ट्रान्सयुनियन या दोन्ही संस्थांकडे चुकीच्या नोंदीविरुद्ध हरकत घेता येते. हरकतीसोबत खरेदीखताची प्रत जोडली की थकबाकीचे महिने तुमच्या मालकीपूर्वीचे आहेत हे तारखेवरूनच सिद्ध होते.

दुसरा मुद्दा लीनचा, म्हणजे घरावर चढवलेल्या बोज्याचा. हीटर, फर्नेस (घर उबदार ठेवण्याचे यंत्र) अशा भाड्याच्या वस्तूंसाठी कंपन्या जमिनीच्या नोंदवहीत ‘नोटीस ऑफ सिक्युरिटी इंटरेस्ट’ ही आपल्या हक्काची नोंद चढवत असत आणि घर विकताना ती उतरवण्यासाठी हजारो डॉलर मागितल्याच्या तक्रारी, विशेषतः वृद्ध घरमालकांच्या, खूप झाल्या. ६ जून २०२४ रोजी मंजूर झालेल्या होमओनर प्रोटेक्शन ॲक्टने घरगुती ग्राहकोपयोगी वस्तूंसाठी अशा नोंदी करणे बंद केले आणि जुन्या नोंदीही संपल्याचे ठरवले. तेव्हा ‘घरावर लीन लावू’ असे कोणी म्हणाले तर घाबरू नका. मात्र नोंद संपली म्हणून मूळ भाडेकरार संपला असे होत नाही. या दोन गोष्टींची गल्लत मी अनेकांना करताना पाहतो.

तशीच गल्लत दारोदार विक्रीच्या बंदीबाबत होते. १ मार्च २०१८ पासून न बोलावता दारात येऊन वॉटर हीटर किंवा फर्नेसचे करार करून घेण्यास मनाई आहे. ती बंदी त्या तारखेनंतरच्या तशा करारांना लागू होते. तुमच्या टाकीचा करार कधी आणि कसा झाला, हे प्रत हातात आल्याशिवाय ठरवता येणार नाही.

मिसिसॉगाकर

सर्वांचे मनापासून आभार. पत्र पाठवल्यानंतर कंपनीकडून कराराची प्रत आली आणि तिच्यातून वेगळेच काही निघाले. करार २००९ चा आहे आणि त्यावरची सही आमच्या विक्रेत्याची नाही. ती त्यांच्याही आधीच्या मालकाची आहे. आमच्या विक्रेत्याने २०१६ मध्ये घर घेतले तेव्हा तेही आमच्यासारखेच बिल भरू लागले होते, त्यांनी कोणत्याही कागदावर सही केली नव्हती. टाकीवरचा अनुक्रमांक बिलाशी जुळतो, आणि टेक्निशियनने पट्टी वाचून ती २००९ चीच असल्याचे सांगितले. नाव बदलण्याच्या शुल्काचे कलम त्या दोन पानांत कुठेच नाही. दरवाढीचे कलम आहे.

याचा आमच्या बाजूवर काय परिणाम होतो?

खरेदीखत

परिणाम चांगला होतो, पण सगळा प्रश्न एका फटक्यात सुटत नाही. विक्रेत्याने करार लेखी स्वीकारलाच नव्हता, तर तुम्ही त्यांच्याकडून नेमका कोणता करार स्वीकारला, हा प्रश्न कंपनीला अडचणीचा आहे. नाव बदलण्याचे शुल्क पूर्ण नाकारा. त्याला आधार नाही हे त्यांच्याच कागदाने दाखवले. मार्च ते जूनच्या थकबाकीबद्दल तुमची भूमिका आधीच भक्कम होती आणि ती तशीच आहे. जुलैपासून मात्र तुम्ही त्यांची टाकी वापरली आहे. त्या वापराचे वाजवी मोल द्यायला तयार आहोत, असे लेखी सांगणे न्याय्य आहे आणि उद्या प्रकरण स्मॉल क्लेम्स कोर्टात (लहान रकमांच्या दाव्यांच्या न्यायालयात) गेले तर न्यायाधीशासमोर तुमची बाजू सचोटीची दिसेल. जुलैचे भाडे विक्रेत्याकडून कापले गेले असेल तर कंपनीला त्या महिन्याचे दुसऱ्यांदा मागता येत नाही. ती रक्कम तुम्ही परस्पर विक्रेत्याला द्या आणि पावती घ्या.

पुढच्या पत्रात तीन वाक्ये पुरेत: ऑगस्टपासून टाकी परत करण्याच्या दिवसापर्यंतचे भाडे आम्ही देऊ, इतर सर्व रकमा बिलातून काढून टाकाव्यात, आणि टाकी परत करण्याची पद्धत व पत्ता कळवावा. प्रत तुमच्या आणि विक्रेत्याच्या वकिलांना पाठवा. कंपनीने दाद दिली नाही तर कन्झ्युमर प्रोटेक्शन ऑन्टारियो या प्रांताच्या ग्राहक संरक्षण यंत्रणेकडे तक्रार करा आणि हा सारा पत्रव्यवहार जोडा.

मिसिसॉगाकर

तसेच पत्र आज पाठवले. विक्रेत्यांशी प्रथमच थेट बोलणे झाले. त्यांनी जुलैच्या कपातीचे बँकेचे विवरण पाठवले आणि मार्चमध्ये बँक बदलल्यामुळे त्यांची कपात काही महिने थांबली होती, हेही सांगितले. मार्च ते जूनचे भाडे ते स्वतः भरणार आहेत. उशिराच्या आकाराबद्दल ते कंपनीशी वेगळे बोलतील. नवी टाकी आम्ही विकत घेणार आहोत.

निळी_ज्योत

नवी टाकी बसवण्याची वेळ ठरवण्याआधी जुनी परत घेण्याची तारीख कंपनीकडून लेखी घ्या. तोपर्यंत भाडे चालू राहते आणि वादाला नवे कारण मिळते. जुनी टाकी काढताना पट्टीवरचा अनुक्रमांक वाचता येईल असा फोटो काढा. ती पूर्ण रिकामी करून द्या. परत देताना अनुक्रमांक, तारीख आणि घेणाऱ्याची सही असलेली पावती घेतल्याशिवाय टाकी सोडू नका. अंतिम बिल शून्य झाल्याचे पत्र हाती येईपर्यंत ती पावती खरेदीखताच्या फाइलमध्येच ठेवा.